बिनबटणांचा कोट

३ जानेवारी

मास्तर,

पत्र घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय, यावरूनच ओळखा की काम गुपचूप करायचं आहे. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन वाजला की तुमची मेहुणी उचलते आणि तुमच्याकडे वाजला की अक्का. दोघी बहिणींच्या कानांवरून न जाता आपल्या दोघा साडूंपर्यंत एखादी गोष्ट पोचेल अशी सोयच उरलेली नाही.

बातमी तुम्हाला कळली असेलच. लेकीने आम्हा दोघांची बोटीची तिकिटं काढली आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी आठ दिवस समुद्रावर. कंपनीने एक पुस्तिका पाठवली आहे. तिच्यात समुद्राबद्दल दोन पानं आणि संध्याकाळच्या कपड्यांबद्दल सहा. दिवसा काय वाटेल ते घाला म्हणे, पण संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये चप्पल नको, अर्धी चड्डी नको. एक संध्याकाळ सगळ्यांनी पांढरं घालायचं. दोन संध्याकाळी ‘फॉर्मल’, म्हणजे कोट, टाय आणि बंद बूट. उरलेल्या ‘स्मार्ट कॅज्युअल’. याचा अर्थ आमच्या घरात अजून कुणाला लागलेला नाही. तुमची मेहुणी म्हणते, इस्त्रीचं घालायचं, पण इस्त्री केल्यासारखं वागायचं नाही. हॉलच्या दारात एक माणूस उभा असतो, तो आपल्याला आपादमस्तक बघतो आणि मगच आत सोडतो.

तुमच्या मेहुणीने बॅग आत्ताच पलंगाखालून काढली आहे. रोज भरते, रोज रिकामी करते. छत्री घ्यावी की नाही यावर आमचं एकदा कडाक्याचं भांडणही झालं. पण मास्तर, परवा ती आरशासमोर उभी राहून गुणगुणत होती. माझ्या आईच्या अंथरुणाशी नऊ वर्षं काढली हिने. त्या काळात संध्याकाळचे कपडे म्हणजे सकाळचेच, फक्त जास्त मळलेले. तिला गुणगुणताना मी किती वर्षांनी ऐकलं ते मला आठवत नाही.

आता काम. मला एक कोट शिवून हवा, वरून चारचौघांसारखा दिसणारा, पण ज्याला एकही बटण लावावं लागणार नाही असा. शर्टही तसाच. पँटला इलास्टिक, टाय आधीच गाठ मारलेला. बोट हलते, त्यात बटणं लावत कोण बसणार, म्हणून म्हणतोय. मापं जुनीच धरा, पोट थोडं वाढवा. अक्काला यातलं काही कळता कामा नये. उत्तर टपालानेच पाठवा, घरी येणारं टपाल मीच घेतो.

तुमचा साडू,
पेंटर


११ जानेवारी

पेंटरसाहेब,

पत्र वाचून मी आधी पाकिटावरचं नाव परत बघितलं. माझ्या दुकानाची पाटी ज्या हाताने रंगवली त्याच हाताचं हे अक्षर? गिऱ्हाईक आत येण्याआधी त्या पाटीचं कौतुक करतं आणि मग माझ्या शिवणीला नावं ठेवतं. आणि या पत्रात वेलांटी एकीकडे, मात्रा दुसरीकडे. बसमध्ये बसून लिहिलंत की बाटली उघडून? निवृत्त झालात म्हणून अक्षरालाही निवृत्त करू नका.

आता कोटाचं. इतकी वर्षं कात्री हातात धरतोय, आजवर खोटं काज केलेलं नाही. वरून काजाचा टाका घालायचा आणि आत कापड कापायचंच नाही, असली थापेबाजी तयार कपड्यांचे कारखाने करतात. माझा हिशोब सरळ आहे. काज असेल तर त्यातून बटण गेलं पाहिजे. बोट हलते म्हणून बटण लागत नाही, हे कारण तर एखादा शाळकरी पोरगाही देणार नाही. तीन हजार माणसं चढतात त्या बोटीवर, ती काय सगळी उघड्या छातीने जेवतात? आळस आहे हा तुमचा, दुसरं काही नाही. इलास्टिकच्या पँटचं तर बोलूच नका. माझ्या दुकानातून इलास्टिक बाहेर पडलं तर फक्त परकरातून पडेल, तेही पडद्यापलीकडच्या अक्काच्या भागातून.

कोट शिवतो, पण खराखुरा. बॅगेत कसा भरायचा ते आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याची वळकटी कराल. एक खांदा उलटा करायचा, दुसरा खांदा त्याच्या आत बसवायचा, अस्तर बाहेर राहील असा उभा दुमडायचा. मध्ये दोन मऊ कपडे ठेवा म्हणजे घडी मोडणार नाही. मोजे बुटांत कोंबा. पोचल्यावर कोट न्हाणीघरात टांगा आणि गरम पाणी सोडा, वाफेने सुरकुत्या आपोआप निघतात.

अक्काही हल्ली पडद्याआड माझ्या मेहुणीसाठी काहीतरी शिवते आहे. मी डोकावलो की कापड झाकते. मला मापंसुद्धा बघू देत नाही. दोघी बहिणींचं काय शिजतंय देव जाणे.

ट्रायलला या.

मास्तर


२० जानेवारी

मास्तर,

बाटली नाही आणि बसही नाही. हात थरथरतो.

हे पत्र एका बैठकीत लिहिलेलं नाही. सकाळी ती दूध आणायला जाते तेवढ्या वेळात चार-पाच ओळी होतात, मग कागद लपवतो. तुम्ही चिडवलंत त्याचा राग नाही. मी खोटं कारण दिलं, तुम्ही ते पकडलंत, एवढंच. आता खरं ऐका.

दोन वर्षांपूर्वी एका दंतवैद्याची पाटी रंगवत होतो. ‘दात’ या शब्दाचा काना काही केल्या सरळ उतरेना. तीनदा पुसला. वाटलं, शिडी हलते. शिडी भिंतीला पक्की टेकलेली होती. त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. छापील फ्लेक्स आल्यामुळे हाताच्या पाट्या कुणी करून घेत नाही, म्हणून धंदा सोडला असं सगळ्यांना सांगितलं. फ्लेक्सवाल्यांना सगळे पेंटर शिव्या देतात, माझी मात्र त्यांनी अब्रू राखली.

डॉक्टर म्हणाला, कंपवात. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात, हा मुंगीच्या पावलाने आला आणि आता जाणार नाही. गोळ्या चालू आहेत. रंगाच्या जुन्या डब्यात ठेवतो, तिथे ती कधी हात घालत नाही. गोळी घेतल्यावर काही वेळ हात बरा असतो. पण शर्टाचं बटण म्हणजे माझ्यासाठी आता किल्ला सर करणं झालं आहे. घरात मी वर्षभर गोल गळ्याचे शर्ट घालतोय. ती म्हणते, म्हातारपणी लाज सोडली, पाहुण्यांसमोर गबाळ्यासारखे बसता. मी ऐकून घेतो.

तिला का सांगत नाही, हे तुम्ही विचाराल. सांगितलं तर ती जाणार नाही. आणि गेलीच तर नर्स म्हणून येईल. माझं बटण लावेल, माझा चमचा धरेल, गोळ्यांच्या वेळा पाठ करेल. नऊ वर्षं तिने माझ्या आईचं केलं. आता माझं सुरू होणार आहे आणि ते किती वर्षं चालेल ते डॉक्टरलाही माहीत नाही. या दोन आजारपणांच्या मध्ये आठ दिवस आहेत, मास्तर. तेवढे तिला मिळाले पाहिजेत. तिने छान कपडे घालावेत, टेबलाशी बसावं, कुणीतरी वाढावं, आणि शेजारी कोट घातलेला नवरा असावा. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिला सगळं सांगेन. सूप मी घेणारच नाही, म्हणजे चमच्याची भानगड नाही. सगळं ठरवलेलं आहे, फक्त कोट तुमच्या हातात आहे.

कोट द्या नाहीतर देऊ नका, पण अक्काला सांगू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ थरथरते, म्हणून ती जास्तच घट्ट झाकायला हवी.

पेंटर


२७ जानेवारी

पेंटर,

तुमचं पत्र आलं तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्या छातीचं माप मी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं. त्याला उद्या या म्हटलं आणि शटर अर्धं ओढून बसलो. बाटली असं मी लिहिलं होतं, ते राहून राहून आठवतंय. आपण साडू नात्याने, पण मी तुम्हाला भावापेक्षा कमी कधी धरलं नाही. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

तरी मनात आहे ते बोलतो, मग कामाचं लिहितो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. माझी मेहुणी दुधखुळी नाही. तुम्ही तिला सुट्टी देताय खरे, पण तिला न विचारता. मला हे पटलेलं नाही. पण बायको तुमची, हात तुमचा आणि निर्णयही तुमचा.

कोट शिवतो. कापड गडद निळं, कारण काळ्यावर समुद्रातलं मीठ पांढरं दिसतं. बटणं वरून पक्की शिवलेली असतील, आणि त्यांच्या खाली आतल्या बाजूला बायकांच्या पर्सला असतात तसले चपटे लोहचुंबक. दोन्ही बाजू जवळ आणल्या की आपणच चिकटतील. शर्टालाही तेच, मनगटावरसुद्धा. टायची गाठ मारून मागे हूक. इलास्टिक घालतो, पण फक्त मागच्या बाजूला, कोटाखाली झाकेल असं. बूट बिनलेसचे घ्या.

हो, खोटी काजं करतो आहे. आयुष्यात पहिल्यांदा. ती इतकी नीट करीन की दारातल्या त्या माणसाने भिंग लावलं तरी कळणार नाही.

अक्काला काही बोललेलो नाही. ती पडद्यापलीकडे, मी अलीकडे, दोघं गुपितं शिवतोय. दुकान आहे की गुप्तहेर खातं, कळत नाही.

मास्तर


२० फेब्रुवारी

मास्तर,

कोट पोचला. न्हाणीघराची कडी लावून घालून बघितला. बाही घातली, दोन्ही बाजू जवळ धरल्या आणि टक्कन आवाज होऊन कोट बंद. मी पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. बाहेरून तिने विचारलं, आत काय ठोकताय? नळ दुरुस्त करतोय म्हटलं. आरशात बघितलं तर समोर एक सद्गृहस्थ उभा होता. त्याला माझं कौतुक वाटत होतं, असं मला वाटलं.

काल मात्र घात होता होता टळला. तुम्ही सांगितलंत तसा खांद्यात खांदा घालून कोट बॅगेत ठेवला. तिने त्याच्यावर आपल्या केसांच्या पिनांचा पुडा टाकला. संध्याकाळी बॅग परत रिकामी करायचा तिचा नेम आहेच, तर कोट उचलला आणि छातीवर पिनांची रांग लोंबते आहे. ती बघतच राहिली. म्हटलं, मास्तरांची नवी पद्धत आहे, आत लोखंड घालतात म्हणजे कोटाचा घाट मोडत नाही. ती म्हणाली, भावोजी आता म्हातारे झाले. तुमच्या नावाला थोडा बट्टा लागला, त्याबद्दल क्षमा करा.

बॅग एकदाची बंद झाली. छत्री जिंकली. तिचा अक्काने पाठवलेला ड्रेस वेगळ्या पिशवीत आहे, वर हँगर, आणि मला तो बघायची मनाई. फॉर्मल संध्याकाळीच बघायचा म्हणते.

मी रोज सराव करतोय. कोट, शर्ट, टाय, बूट, सगळं मिळून आता एका गाण्याच्या आत उरकतं. काट्याने खायचं, सुरी नाही. पेला अर्धाच भरू द्यायचा. फोटो काढताना हात खिशात. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे, कुठेही फट नाही. परवा निघतो.

पेंटर


२४ फेब्रुवारी, बोटीवरून

भावोजी,

अक्षर बघून दचकू नका, हे माझंच आहे. तुमचे साडू डेकवर आरामखुर्चीत झोपलेत. मीही पत्र दुकानावरच पाठवते आहे, कारण तुम्हा दोघांचा टपालाचा मार्ग मला आता माहीत झाला आहे.

काल पहिली फॉर्मल संध्याकाळ होती. हे पाच मिनिटांत तयार. मी बघतच राहिले. लग्नातसुद्धा इतके रुबाबदार दिसले नव्हते. कोट तर अगदी अंगावर ओतल्यासारखा. मग मी आत जाऊन अक्काने शिवलेला ड्रेस चढवला. तुम्ही तो बघितलेला नाही, म्हणून सांगते. गडद लाल, पायघोळ, आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत कापडात मढवलेल्या वाटाण्याएवढ्या गुंड्यांची रांग. प्रत्येक गुंडीला दोऱ्याचा बारीक फासा. अक्काने त्यात जीव ओतलाय. स्वतःच्या हाताने एकही लावता येत नाही, पण नवरा कशाला असतो, असं फोनवर म्हणून आम्ही दोघी हसलो होतो.

मी यांच्याकडे पाठ केली आणि म्हटलं, लावा.

हे म्हणाले, खोली झाडणाऱ्या मुलीला बोलावू. मी म्हटलं, लग्नाच्या बायकोची पाठ आहे, हात लावायला लाजताय काय. मग यांची बोटं पाठीला लागली. आधी वाटलं, गुदगुल्या करतायत. मी हसलेही. मग हसू थांबलं. सासूबाईंचे हात मी नऊ वर्षं हातात धरलेत, भावोजी. म्हातारपणाचा कंप कसा असतो, तापाचा कसा असतो आणि हा तिसरा कसा असतो, ते मला पाठीनेसुद्धा कळतं.

मी वळले नाही. तशीच उभी राहून विचारलं, किती दिवस झाले? हे पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. दंतवैद्याची पाटी, रंगाचा डबा, लोहचुंबक, तुमची पत्रं. आठ दिवसांची सुट्टी.

मी रडले नाही, भांडले. आणि आता तुमच्याशीही भांडते. मला सुट्टी हवी की नको, हे मला कुणी विचारलं? सासूबाईंचं मी केलं ते कुणी माझ्यावर लादलं नव्हतं. मला त्या आवडायच्या. तुम्हा दोघांना ते नऊ वर्षांचं ओझं दिसलं, मग तुम्ही दोघांनी मिळून माझ्या वतीने दमून घेतलंत. पण मला लागलं ते वेगळंच. वर्षभर मी यांना गबाळे म्हटलं. पाहुण्यांसमोर म्हटलं. लेकीसमोर म्हटलं. बटण लागत नाही म्हणून माणूस गोल गळ्याचा शर्ट घालतोय आणि मी त्याची लाज काढतेय, आणि हा ऐकून घेतोय. माझं काम वाचवायला निघाले होते, आणि मला कैदाशीण करून ठेवलं. ते मी कुणाला माफ करू? यांना तर करावंच लागेल, एकाच खोलीत राहतोय. तुमचं बघू.

भांडून झाल्यावर हे उठले आणि म्हणाले, तू जा जेवायला, त्या मुलीकडून गुंड्या लावून घे, मी इथेच बसतो. मी म्हटलं, मुलगीबिलगी कुणी येणार नाही. तुम्हीच लावायच्या. हे म्हणाले, मला जमणार नाही. मी म्हटलं, जमेपर्यंत मी उभी आहे. मला कुठे जायचंय, बोट काही मला सोडून जाणार नाही.

मग मी टेबलाला दोन्ही हात टेकून उभी राहिले आणि हे मागे. बाहेर जेवणाची घंटा झाली. मग कॉरिडॉरमधून उंच टाचांचा आवाज गेला, अत्तराचा वास गेला, आणि सगळं शांत झालं. एक गुंडी लागायची, दुसरी निसटायची. यांचा श्वास मानेवर लागत होता. मध्येच शिव्या दिल्या, अक्काला, वाटाण्याला आणि ज्याने गुंडी शोधली त्याला. एकदा कपाळ माझ्या पाठीला टेकवून तसेच उभे राहिले. मग पुन्हा लावायला लागले. माझ्या गुडघ्यांना रग लागली, पण खोटं नाही सांगत, तिथून हलावंसं वाटत नव्हतं. कितीतरी वर्षांनी माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी करत होतं, आणि मला फक्त उभं राहायचं होतं. तुम्ही द्यायला निघाला होतात ती सुट्टी बहुतेक हीच.

आम्ही हॉलच्या दारात पोचलो तेव्हा आत गोड वाढत होते. दारातल्या माणसाने यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान लववली. तुमची खोटी काजं पास झाली, कळवलेलं बरं. मग मी पुढे झाले तसा तो माझ्या मागे आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, बाईसाहेब, माफ करा, पाठीच्या गुंड्या एक घर चुकल्यात, आमच्या बाईंना बोलावतो, त्या नीट करून देतील. मानेशी एक फासा रिकामा होता, खाली कमरेशी एक गुंडी शिल्लक, आणि मधली सगळी रांग तिरकी. हे ऐकून यांचा चेहरा पडला.

मी म्हटलं, नको, माझ्या नवऱ्याने लावल्यात. आणि पूर्ण हॉल ओलांडून पार खिडकीजवळच्या टेबलापर्यंत चालत गेले, पाठ सगळ्यांकडे करून. हे माझ्या मागून आले. बसल्यावर यांनी सूप मागवलं. मुख्य जेवण संपलं होतं, सूप होतं. अर्धं टेबलावर सांडलं, अर्धं पोटात गेलं.

परत आल्यावर हा कोट तुमच्याकडे येईल. लोहचुंबक काढा आणि खरी काजं करा. यांची बटणं मी लावीन. पण माझ्या ड्रेसला कुणी हात लावायचा नाही, अक्कानेही नाही, त्या गुंड्या यांच्या आहेत.

परवा दुसरी फॉर्मल संध्याकाळ आहे. त्या दिवशी दुपारचं जेवण झालं की आम्ही लगेच सुरुवात करणार आहोत.

तुमची मेहुणी